कपाटामागचं मांजर

आमच्या नौपाड्यात एखादी इमारत पुनर्विकासाला जाते तेव्हा माणसांचं सगळं आधी कागदावर उतरतं. भाडं किती, शिफ्टिंगचा खर्च कोण देणार, कॉर्पस किती आणि कधी. सोसायटीच्या सभा वर्षानुवर्षं चालतात, भांडणं होतात, सह्या होतात, मग एकदम ट्रक लागतात आणि आठ-पंधरा दिवसांत इमारत रिकामी. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, तळमजल्यावरच्या कुठल्यातरी आजींच्या खिडकीत वाढलेली मांजरं मात्र तिथेच राहतात. त्यांना कोणी नोटीस दिलेली नसते. भोवती पत्रे ठोकतात, पाणी तोडतात, मग जेसीबी येतो.

जिरी अशाच एका इमारतीतली. अंगावरचे पट्टे भाजलेल्या जिऱ्याच्या रंगाचे म्हणून जिरी. पाडकाम सुरू झाल्यावर ती मीटरच्या खोलीत भिंतीला चिकटून बसलेली मुलांना सापडली. मुलं म्हणजे आमच्या भागातले स्वयंसेवक; नोकऱ्या सांभाळून मांजरं पकडायची, डॉक्टरांकडे न्यायची, नसबंदी-लसीकरण करून घ्यायचं, ही कामं ती करतात. मी विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांच्यातली ‘फोस्टर’ झाले. मांजराला कायमचं घर मिळेपर्यंत ते माझ्या मागच्या खोलीत राहतं.

दत्तक दिलेल्या मांजराच्या घरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येतो तो बहुतेक एकाच चालीवर. “काकू, ती कपाटामागून बाहेरच येत नाही हो. आम्ही इतकं प्रेम करतोय, सगळे जाऊन जाऊन हाका मारतोय.” मी म्हणते, हाका मारणं आधी बंद करा. घाबरलेल्या मांजराला सुरुवातीला प्रेम नको असतं, जागा हवी असते. वाकून बघणं, टॉर्च मारणं, हात घालून ओढायला जाणं, हे सगळं आपल्या लेखी प्रेम. मांजराच्या लेखी कोणीतरी मोठं जनावर आपल्याला हुडकून काढतंय.

त्याचं हे वाटणं खुळेपणाचं नाही. घरातलं मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराच्या कुळातलं. २००७ साली जनुकांच्या तपासणीतून हे पक्कं झालं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं सापडलंय, म्हणजे सोबत जुनी आहे. पण इतक्या काळातही त्याचा मूळ पिंड फारसा बदललेला नाही. कुत्र्याचे पूर्वज कळपानं शिकार करायचे, रानमांजर एकट्यानं करतं. शिवाय ते लहान. उंदीर मारणारं हे जनावर स्वतः कोल्ह्याच्या, गरुडाच्या, कुत्र्याच्या तोंडी जाऊ शकतं. मदतीला कळप नाही, तेव्हा भरवसा एकाच गोष्टीचा: ओळखीची जागा. पळायची वाट कुठली, लपायचं कुठे, पाणी कुठे, कुठल्या वेळी कोण येतं. कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला धरून, असं जुनी माणसं म्हणायची ते यामुळेच. आपण जिरीची ‘सुटका’ केली म्हणून खूश होतो. तिच्या हिशेबात तिचं होतं नव्हतं ते सगळं एका पिंजऱ्यात बंद होऊन गेलं.

सगळीच मांजरं इतकी भित्री का नसतात, हेही लोक विचारतात. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असतं तो काळ महत्त्वाचा. त्या दिवसांत माणसाचा हात, आवाज, वास सवयीचा झाला तर पुढे माणूस म्हणजे धोका वाटत नाही. तेव्हा माणूस भेटलाच नाही, तर नंतर दसपट धीर धरावा लागतो. दुसरी गोष्ट बापाची. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या सँड्रा मॅक्यून यांच्या अभ्यासात धीट बोक्यांची पिल्लं अनोळखी माणसापुढे आणि अनोळखी वस्तूपुढेही जास्त धीट निघाली. बोका पिल्लांकडे ढुंकूनही बघत नाही, तेव्हा हे शिकवणीनं आलेलं नाही, रक्तातून आलेलं आहे. तुमच्या घरी आलेलं मांजर भित्रं असेल तर त्याला कोणी मार दिला असेलच असं नाही. ‘हिला कोणीतरी फार छळलंय’ अशी कहाणी रचून तिच्याभोवती दया दाखवत बसणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

आता जागेचं. अख्खा फ्लॅट एकदम मोकळा सोडू नये. एक खोली द्यावी. माझी मागची खोली म्हणजे शिवणाचं मशीन, एक दिवाण आणि लोखंडी कपाट. मांजर येण्याआधी मी कपाटामागची फट जुन्या सतरंज्या कोंबून बंद करते आणि दिवाणाच्या फळीखाली उशा लावते. मांजराचं डोकं जिथे शिरतं तिथे बहुतेक अंगही शिरतं, त्याच्या गळपट्टीची हाडं आपल्यासारखी खांद्याला जखडलेली नसतात. कपाटामागे ते गेलं की आपल्याला दिसत नाही, औषध देता येत नाही, आणि ओढून काढण्याची वेळ आली की कमावलेलं सगळं गेलं.

पण नुसत्या फटी बुजवल्या तर तो जुलूम झाला. त्याऐवजी चांगली लपायची जागा द्यायची. मिक्सरचं किंवा मायक्रोवेव्हचं खोकं आडवं टाकायचं, दोन बाजूंना तोंडं कापायची, म्हणजे एकीकडून कोणी आलं तर दुसरीकडून निघता येतं. आत गोधडीचा तुकडा. खोकं अशा कोपऱ्यात, की मांजराला दार दिसावं पण दारातून मांजर दिसू नये. याला शास्त्रीय पाठबळही आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्यानं आलेल्या मांजरांचे दोन गट केले, एकाला लपायला खोकं, दुसऱ्याला नाही. खोकंवाली मांजरं पहिल्या काही दिवसांतच बरीच निवळली, बिनखोक्याची ताणात राहिली. लपू दिलं की मांजर लवकर बाहेर येतं, हे कळलं की निम्मं काम झालं. एक खोली वेगळी काढता येत नसेल तर टेबलावर चादर सोडून खाली खोकं ठेवा आणि त्या बाजूला घरातल्यांची ये-जा बंद करा. तेवढ्यावरही निभतं.

जिरीबरोबर मुलांनी एक गोणपाट आणलं होतं. मीटरच्या खोलीत ती त्यावर झोपायची. धुळीनं माखलेलं, केसांनी भरलेलं, वास तर विचारू नका. हे म्हणाले, आधी ते गच्चीवर टाका. मी ते घडी करून खोक्यात घातलं. त्या खोलीत तिच्या ओळखीची ती एकच वस्तू होती. मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली, कपाळाच्या कडेला वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासून ते ‘ही जागा माझी’ अशी नोंद करत असतं. तो वास आपल्याला येत नाही, त्याला येतो, आणि त्यातूनच धीर येतो. म्हणून मांजर झोपतं ती चादर पहिले काही दिवस धुवायची नाही. ते गाल घासू देऊ लागलं की जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्याच्या गालावरून फिरवून घरातल्या खुर्च्या-टेबलांच्या पायांना पुसायचा, मांजराच्या उंचीवर. पुढे ते त्या खोलीत पाऊल टाकतं तेव्हा त्याचाच वास तिथे आधी पोचलेला असतो. गालांच्या वासाची नक्कल करणारी प्लगमध्ये लावायची महागडी औषधं बाजारात मिळतात. कोणाकोणाला गुण येतो म्हणतात. मी गोणपाटावर भागवते.

वासाबरोबर एक ताकीद. मांजर असलेल्या घरात फरशी फिनेलनं पुसू नका. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत. पायाला लागतात, पाय चाटले की पोटात जातात. पॅरासिटामॉलची एक गोळीही याच कारणानं मांजराचा जीव घेऊ शकते, तेव्हा ‘अंग गरम लागतंय, अर्धी देऊ का’ असं कोणी विचारलं की मला घाम फुटतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही उचला. लिलीची फुलं मूत्रपिंडं घालवतात. फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी पुरतं.

खाणं आणि शी-शूची जागा एकमेकींपासून लांब, खोलीच्या दोन टोकांना ठेवायची. शी-शूसाठी मी प्लॅस्टिकचं उथळ घमेलं वापरते. बाहेरच्या मांजराला विकतची लिटर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, त्याला माती नाहीतर वाळू माहीत. जिरीच्या घमेल्यात सुरुवातीला अर्धी वाळू होती, मग तिचं प्रमाण कमी कमी करत नेलं. ‘सवय नाही, गादीवर करते’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्यानंच मिटते.

खाण्याच्या बाबतीत आपल्याकडे दूध-पोळीचा मोह फार. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, माहेरी मांजरं त्यावरच वाढली, असं त्या अजून सांगतात. ती उंदरांवर वाढली, दूध-पोळी वरची. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं, स्वतःच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ साली सिद्ध झालं आणि तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात टॉरीन जास्त घालू लागले. दुधातली साखर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं चिकन, हाड काढून, मीठ-हळद न घालता, कांदा-लसूण तर नाहीच नाही. मासळी शिजवून. काही कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं. आणि जोडीला मांजरांचं तयार खाणं असू द्या, रोजच्या पोषणाची काळजी त्यानं मिटते.

भित्रं मांजर आपल्या देखत खात नाही. रात्री वाटी ठेवायची, दिवा मालवायचा, दार लोटून घ्यायचं आणि सकाळी हिशेब करायचा. हा हिशेब मी दारामागच्या कालनिर्णयावर करते. तारखेच्या चौकोनात लिहिलेलं असतं: ‘अर्धं खाल्लं. शू २. शी नाही.’ एकादशी, संकष्टी, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि मांजराची शी, सगळं एकाच पानावर. पाहुण्यांना विचित्र वाटतं. पण मांजर उपाशी राहिलं तर ते दुसऱ्या कशानं कळणार? चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. तीन-चार दिवस पोटात अन्न गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते यकृतच बंद पडतं; लठ्ठ मांजराला हा धोका जास्त. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि शू होत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते आणि बोक्याची वाट अरुंद असल्यानं तुंबते. मग दीड-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

कालनिर्णयाच्या त्याच चौकोनातून प्रगती कळते. लोक मांडीवर कधी बसेल याची वाट बघत असतात, मी मांजर कुठे आणि कसं बसलंय ते बघते. खोक्याच्या तळाशी, पंजे टेकवून, बाहुल्या बटणाएवढ्या झालेल्या, कान आडवे पडलेले: भीती. खोक्याच्या तोंडाशी आलं: बरं. कुशीवर आडवं होऊन पाय पसरले: फारच छान. गुरगुर ऐकून मात्र लगेच खूश होऊ नका. मांजर सुखात असताना गुरगुरतं तसं दुखत असताना, घाबरलेलं असतानाही गुरगुरतं. हल्ली एक सूत्र सांगतात, निवळायला तीन दिवस, सरावायला तीन आठवडे, रुळायला तीन महिने. माणसांना धीर द्यायला ते ठीक आहे. जिरीला हे कोणी कळवलं नव्हतं.

जिरीला माणसाळवण्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही. ते सासूबाईंचं. आईंना मांजर आवडत नाही, चौऱ्याऐंशीव्या वर्षी आवडायला लागेल अशी चिन्हंही नव्हती. पण त्या मागच्या खोलीत दुपारचं ऊन चांगलं येतं आणि त्यांनी कोणाच्यातरी उद्यापनासाठी लक्ष वाती वळून द्यायचं कबूल केलं होतं. तेव्हा जेवणं झाली की त्या दिवाणाला टेकून खाली बसायच्या, पाय पसरायच्या, पदर सावरून पोटरीवर कापूस घ्यायचा आणि दुधाचं बोट लावून वात वळायची. तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. जिरीकडे त्या बघतसुद्धा नव्हत्या. मुद्दाम नाही, खरंच गरज वाटली नाही म्हणून.

मांजराच्या दृष्टीनं याहून चांगला माणूस शोधून सापडला नसता. खाली बसलेला, म्हणजे अंगावर येणार नाही. हात सावकाश, एकाच लयीत. आवाज हलका. आणि मुख्य म्हणजे नजर दुसरीकडे. टक लावून बघणं ही मांजरांच्या जगात धमकी असते. मांजर न आवडणाऱ्याच्याच पायात मांजर येतं असं म्हणतात, ते याचसाठी. बाकीचे सगळे त्याच्याकडे बघत असतात. मी दाराच्या फटीतून पाहत होते. आधी गोणपाटावरून डोकं बाहेर आलं. मान लांब, मागचे पाय आतच. पुढच्या पंजानं जमीन चाचपली. मग पोट जमिनीला घासत ती आईंच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली, अंगठा हुंगला, आईंनी पाय हलवला नाही. पुढच्या क्षणी तिनं डब्यातला कापसाचा पेळू तोंडात धरला आणि खोक्यात पसार. आई मान न वळवता एवढंच म्हणाल्या, “हड्, मेली.” रात्री जेवताना मी हे यांना रंगवून सांगत होते, तर त्या ताटातून वर न बघता म्हणाल्या, “मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा महिनाभर माजघरातून ओटीवर आले नव्हते. कोणी हाका मारत नव्हतं म्हणून बरं.”

ज्यांच्याकडे वाती वळणारं कोणी नाही त्यांनी वर्तमानपत्र घ्यावं. मांजराकडे कूस करून जमिनीवर बसावं आणि हळू आवाजात वाचावं. अग्रलेख वाचा, राशिभविष्य वाचा, निधनवार्ता वाचल्या तरी चालतात. आवाजाची सवय व्हायला मजकूर लागत नाही. नजरानजर झालीच तर पापण्या अर्ध्या मिटून, सावकाश पुन्हा उघडायच्या. हे भाबडं वाटेल, पण इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली याचे प्रयोग केले. माणसानं अशी सावकाश उघडझाप केली की मांजरंही डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसानं असं करून हात पुढे केला तर त्याच्याजवळ यायला जास्त तयार असतात.

हात लावायची वेळ मांजर ठरवतं. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, थोडं लांब धरायचं आणि थांबायचं. हुंगून त्यानं गाल लावला तर परवानगी मिळाली. हुंगून मागे गेलं तर बोट काढून घ्यायचं, आग्रह नाही. गालावर, हनुवटीखाली, कान आणि डोळा यांच्या मधल्या भागात खाजवलेलं बहुतेक मांजरांना आवडतं, शेपटीच्या मुळाशी बहुतेकांना खपत नाही. आणि लोक पहिला हात नेमका पाठीवरून शेपटीपर्यंत फिरवतात! दोन-तीनदा खाजवून आपणच थांबायचं. मांजरानं डोकं पुन्हा पुढे केलं तर पुढचं. शेपटी आपटायला लागली, पाठीची कातडी थरथरली, की दुकान बंद. उताणं पडलं म्हणजे पोट चोळा असं त्याचं म्हणणं नसतं.

खेळ हे भीतीवरचं चांगलं औषध आहे, कारण शिकार करणारं मांजर तेवढा वेळ शिकार होण्याची भीती विसरतं. खराट्याचा एक लांब हीर, टोकाला कबुतराचं नको, कोंबडीचं स्वच्छ पीस. हीर लांब असल्यानं माणूस लांबच राहतो. पीस मांजराच्या अंगावर नाचवायचं नाही, त्याच्यापासून दूर पळवायचं, गोधडीखाली दडवायचं. कुठला उंदीर होऊन मांजराकडे येतो? शेवटी ते पकडू द्यायचं आणि लगेच खायला द्यायचं. खेळ संपला की सुतळी-दोरा उचलून ठेवायचा. गजऱ्याचा दोरा, राखीचा रेशमी धागा, पतंगाचा मांजा, काहीही गिळलं तर आतडं त्यावर गोळा होतं आणि शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही.

आवाजाचं काय करावं हा फ्लॅटमधला खरा प्रश्न. माणसाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, मांजराला साठ हजारांच्या पुढचंही येतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, सगळंच त्याला आपल्यापेक्षा जास्त. कुकर बंद करून चालत नाही, दरवाज्याची बेल मात्र बंद करता येते. आम्ही दारावर कागद चिकटवला, ‘बेल वाजवू नये, फोन करावा’. दूधवाल्याला दोन दिवसांत सवय झाली, कुरिअरवाल्यांना कधीच होणार नाही. गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके, तेव्हा खिडक्या लावून, खोकं सगळ्यात आतल्या खोलीत नेऊन, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवायचा. दिवाळीच्या तोंडावर मी मांजर दत्तक देत नाही. ‘मुलांना सुट्टी तेव्हाच असते’ म्हणून एक गृहस्थ माझ्याशी तावातावानं भांडले. भांडू देत.

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळं ठेवा, रोगाची धास्तीही टळते आणि दाराखालच्या फटीतून दोघांची वासानं ओळख होते. नसबंदी आधीच झालेली बरी. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि माजावर आली की घर सोडून पळायला बघते. आणि सुनेला दिवस गेले म्हणून मांजर परत आणून देणाऱ्यांना एक विनंती. टॉक्सोप्लाझ्माचा धोका खरा आहे, पण मांजराच्या शीतले ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. घमेलं दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केलं की पुष्कळसं झालं. अर्धकच्चं मांस आणि बागेतली माती यांचाही धोका तसाच असतो, ते मात्र कोणी परत करत नाही.

काही मांजरं घरातली होत नाहीत. पिल्लूपणी माणूस कधी न पाहिलेला, बाहेरच मोठा झालेला बोका खोलीत महिनोन् महिने भिंतीला डोकं आपटत असेल तर त्याला माणसाळवण्याचा हट्ट हा आपला हौसेचा भाग झाला. नसबंदी करायची, ओळख म्हणून कानाचं टोक कापतात ते कापायचं आणि होता तिथे सोडायचं, जिथे त्याला खायला घालणारं कोणी आहे. पुनर्विकासाच्या इमारतीतल्या मांजरांना ‘होता तिथे’ हेच उरत नाही, तो गुंता अवघड आहे. एखाद्या गोदामाच्या आवारात, रोज खायला घालणारं माणूस पाहून, आधी तीन-चार आठवडे मोठ्या पिंजऱ्यात ठेवून मग मोकळं करावं लागतं. तरीही सगळी टिकत नाहीत.

मांजर एका खोलीत रुळलं की घर हळूहळू उघडायचं, आधी रात्री, सगळे झोपल्यावर. त्याआधी खिडक्यांना जाळी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची चालते, पण कडा घट्ट हव्यात. मांजर पडलं तरी पायांवर पडतं या भरवशावर राहू नका. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली झाला. उपचार मिळालेली बहुतेक वाचली खरी, पण छाती फुटलेली, जबडे, पाय मोडलेले. आणि इतकं करूनही दार उघडं राहून मांजर निसटलंच, तर लांब धावू नका. हरवून सापडलेल्या मांजरांपैकी पाऊण भाग घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आतच सापडतात, आणि भित्री तर हाकेच्या अंतरावर, आवाज न करता बसलेली असतात. जिन्याखाली, पाण्याच्या पंपामागे, गाड्यांच्या खाली बघा. रात्री दीड-दोनला, रहदारी थांबल्यावर जा, एकच माणूस जा, खाण्याची वाटी वाजवा. गोणपाटासारखं काही असेल तर दाराबाहेर ठेवा.

जिरी मुलुंडच्या एका जोडप्याकडे गेली, दोघं शाळेत शिकवतात, घर शांत आहे. तिच्याबरोबर खोकं दिलं, गोणपाट दिलं, अर्धं घमेलं वाळू दिली. आईंनी कापसाचा एक पेळू कागदात बांधून दिला, “तिला लागतो” एवढंच म्हणाल्या. ती बया तिथे गेल्याबरोबर पुस्तकांच्या कपाटामागे शिरली, कारण ती फट बुजवायची राहिली होती. मी सांगितलं, हाका मारू नका, वाटी ठेवा आणि चौकोनात लिहा. मग रोज रात्री मला त्यांच्या कालनिर्णयाचा फोटो यायचा. ‘थोडं खाल्लं. शू १. शी नाही.’ ‘अर्धं खाल्लं. शू २. शी नाही.’ असं चालता चालता एका सकाळी, सात वाजायच्या आत, फोन वाजला. सरांचा आवाज पहिल्या बाकावरच्या मुलाचा निकाल लागावा तसा चढलेला. शी झाली होती. फोटोही पाठवला, मी मागितला नव्हता तरी.